पाटी लातूरला, सही कुठे?

लातूरला स्वतंत्र विद्यापीठ द्या, ही मागणी दर दोन-तीन वर्षांनी उचल खाते. निवेदनं निघतात, बैठका होतात, आमदार-खासदार पाठिंबा देतात, आणि नांदेडच्या विद्यापीठाकडून ठरलेलं उत्तर येतं की उपकेंद्र दिलेलं आहे, आणखी काय हवं. या दोन्ही बाजूंना मला उत्तर द्यायचं आहे. सुरुवात लातूरपासून करतो, कारण मी तिथला. जन्म चाकूर तालुक्यातला, नोकरी सगळी नांदेड जिल्ह्यात, आणि नातेवाईक महामार्गाच्या दोन्ही टोकांना. त्यामुळे लातूरचा द्वेष्टा म्हणून मला कुणी बाजूला सारू शकणार नाही आणि नांदेडचा वकील म्हणूनही नाही.

मागणी करणाऱ्यांचं म्हणणं पोकळ नाही, म्हणून ते आधी त्यांच्याच जोरानं मांडतो. लातूर ते विष्णुपुरी, म्हणजे नांदेडच्या विद्यापीठाचा परिसर, हे अंतर १४० किलोमीटरच्या आसपास. निलंग्याकडून निघालं तर त्यात आणखी चाळीस-पन्नास मिळवा. एका कामाला एक अख्खा दिवस जातो, आणि काम अपुरं राहिलं तर दुसरा. नांदेडकरांनी १९९४ साली स्वतःचं विद्यापीठ मिळण्यापूर्वी हेच रडगाणं औरंगाबादबद्दल गायलं होतं. तेव्हा अंतर हे कारण पुरेसं होतं, मग आज लातूरनं तेच कारण दिलं तर ते अपुरं कसं? सोलापूरला २००४ साली एका जिल्ह्याचं विद्यापीठ मिळालं. गडचिरोलीला २०११ साली गोंडवाना विद्यापीठ मिळालं. लातूर यांच्यापेक्षा कशात कमी आहे? धाराशिव जिल्हा जोडला तर उमरग्याच्या, लोहाऱ्याच्या पोरांचाही फेरा वाचेल. ती आजही छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मोडतात.

या शेवटच्या मुद्द्यापाशी मी स्वतः बराच वेळ थांबलो. हिप्परग्याला, म्हणजे आजच्या लोहारा तालुक्यात, स्वामी रामानंद तीर्थांनी राष्ट्रीय शाळेत शिकवलं. ज्यांच्या नावानं नांदेडचं विद्यापीठ आहे त्यांच्या शिक्षकी आयुष्याचं ते गाव त्यांच्या विद्यापीठात नाही. हद्दी आखणाऱ्यांनी कधी माणसांच्या वाटा बघितल्या नाहीत, एवढं यावरून नक्की कळतं.

अंतराचं दुःख मी पाहिलेलं आहे. लातूर बसस्थानकातून पहाटे सुटणाऱ्या नांदेड गाडीत एकदा माझ्या शेजारी एक मुलगा बसला होता. वय बावीस-तेवीस. मांडीवर बटणाची प्लास्टिकची फाइल. वरचा कप्पा रिकामा होता, तरी त्यानं ती वर ठेवली नाही. चाकूर येईपर्यंत त्यानं तीनदा ती उघडली. गुणपत्रिका वर्षांच्या क्रमानं लावल्या, मग टीसी वर घेतली, मग आधारची झेरॉक्स मोजली. पुढच्या सीटवरच्या मित्राला म्हणाला, "गोल शिक्का सगळ्यावर आलाय का बघ रे, नाहीतर परत यावं लागंल." मित्रानं मोबाइलचा उजेड लावून एकेक कागद बघितला. मागच्या बाजूला एक बाई तान्हं मूल घेऊन बसल्या होत्या, त्यांच्याही हातात तसलीच फाइल होती. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्याचा त्यांना आधार वाटत होता. "सासूबाई सोडतात तरी," असं म्हणाल्या. अहमदपूर गेलं, लोहा गेलं. विद्यापीठाचं फाटक आलं तेव्हा गाडीतले सहा-सात जण उतरले आणि प्रत्येकानं उतरण्याआधी फाइल पुन्हा एकदा चाचपली.

त्या मुलाच्या तोंडचं वाक्य मी विसरलेलो नाही. त्याला भीती अंतराची नव्हती, शिक्क्याची होती. एका खेपेत काम झालं असतं तर दीडशे किलोमीटर हे आमच्याकडच्या माणसाला फार वाटत नाही. आम्ही लग्नाला, मयतीला, दवाखान्याला याहून लांब जातो. खचवून टाकते ती दुसरी खेप. आणि दुसरी खेप पडते ती विद्यापीठ लांब आहे म्हणून नव्हे. कागद पुरे आहेत की नाहीत हे पाहून "झालं, जा" असं म्हणायचा अधिकार असलेला माणूस जवळ नाही, म्हणून ती पडते.

इथेच माझा मागणीवाल्यांशी मतभेद सुरू होतो. ते म्हणतात, विद्यापीठ आणा म्हणजे अधिकार आपोआप येईल. मी म्हणतो, विद्यापीठ न तोडता तो अधिकार आणता येतो, आणि तोडून आणायला गेलो तर अधिकार येईल पण त्याच्या हाताशी काहीच उरणार नाही.

आधी १९९४ चा दाखला घेऊ, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. हैदराबाद संस्थानात असताना आपली महाविद्यालयं उस्मानिया विद्यापीठाच्या कक्षेत होती. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं, ते ज्या संस्थेनं काढलं तिच्यामागे खुद्द स्वामीजी होते, आणि तेव्हा परीक्षा, पदवी, सगळ्यासाठी तोंड हैदराबादकडे असायचं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ झालं. त्याचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला झाला आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. लातूरची गावंच्या गावं पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि त्याच काळात लातूरच्याच राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हे मी मुद्दाम सांगतो. नांदेडच्या विद्यापीठाची पहिली घडी लातूरच्या माणसानं बसवली. विभाग न करता संकुलं करायची, भाषा एका छताखाली, जीवशास्त्रं एका छताखाली, भूशास्त्राला स्वतःचं घर, ही रचना त्या पहिल्या काळातली आहे. म्हणून "नांदेडनं घेतलं, आता लातूरला द्या" हे वाक्य इतिहासाला धरून नाही. ते विद्यापीठ लातूरचंही होतं आणि आहे.

पण इतिहास बाजूला ठेवला तरी १९९४ आणि आज यांत एक मोठा फरक आहे. तेव्हा विद्यापीठ म्हणजे महाविद्यालयांना संलग्न करून घेणारी, अभ्यासक्रम देणारी आणि परीक्षा घेणारी यंत्रणा होती. पैसाही तिथूनच यायचा: संलग्नीकरणाचं शुल्क आणि परीक्षेचं शुल्क. जितकी महाविद्यालयं जास्त, तितकं विद्यापीठ भक्कम. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ही संलग्नतेची पद्धतच पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायचं ठरवलं आहे. महाविद्यालयांनी एकेक करून स्वायत्त व्हायचं, स्वतःचा अभ्यासक्रम, स्वतःची परीक्षा. हे धोरण चांगलं की वाईट यावर वेगळं भांडता येईल. मला त्यात गरीब महाविद्यालयांचं मरण दिसतं. पण दिशा ठरलेली आहे. लातूरमध्ये तर ती आधीच दिसते. राजर्षी शाहू महाविद्यालय स्वायत्त आहे. म्हणजे ज्या संस्थांच्या जिवावर लातूरचं नवं विद्यापीठ उभं करायचं म्हणता, त्यातली सगळ्यात दणकट संस्था अभ्यासक्रम आणि परीक्षा यांसाठी आजच विद्यापीठावर अवलंबून नाही. उरतील ती जळकोट, देवणी, शिरूर अनंतपाळ, रेणापूर इथली लहान महाविद्यालयं, ज्यांचं बरंचसं शिकवणं तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतं. नव्या विद्यापीठाचा खर्च त्यांच्या मुलांच्या परीक्षा शुल्कातून भागवायचा का? भाडेकरू घर सोडायच्या तयारीत असताना त्याच्या भाड्याच्या भरवशावर दुसरा वाडा बांधायला काढण्यातला हा प्रकार आहे.

कुणी म्हणेल, पैसा सरकार देईल. सरकारनं काय दिलं ते पाहा. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत मंजूर असलेली पदं वर्षानुवर्षं रिकामी आहेत, हे शिक्षणखात्याशी संबंध आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. ज्यांना आहे तीच पदं भरता येत नाहीत, ते नव्या विद्यापीठाला नवी पदं देतील? कुलगुरू देतील, कुलसचिव देतील, परीक्षा मंडळाचे संचालक आणि वित्त व लेखा अधिकारी देतील, कारण ही पदं कायद्यानंच लागतात. त्यांना गाड्या, दालनं आणि पाट्या मिळतील. आणि संकुलात शिकवायला? तिथं पुन्हा कंत्राट आणि तासिका. शिवाय नव्या विद्यापीठाला केंद्राचा निधी मिळायला विद्यापीठ अनुदान आयोगाची १२(ब) मान्यता लागते. नॅकपुढे जायचं तर सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात किंवा दोन तुकड्या बाहेर पडाव्या लागतात. या वाट पाहण्याच्या काळात ज्या मुलांच्या हाती पदवी पडेल त्यांना पुण्यातला मुलाखत घेणारा विचारणार, हे कुठलं विद्यापीठ? नांदेडचं नाव उभं करायला तीस वर्षं लागली. अजूनही ते पुरतं उभं नाही. ते अर्धं कापून दोन अर्धी उभी करायची हिंमत मला होत नाही.

सोलापूरचं म्हणाल तर सोलापूरला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. शिवाजी विद्यापीठ कोल्हापूरला, पंढरपूर-बार्शी-अक्कलकोटच्या मुलाला ते लांबच होतं. पण २००४ साली संलग्नतेची पद्धत जोरात होती, महाविद्यालयं वाढत होती आणि स्वायत्ततेचं वारं अजून आपल्या गावांपर्यंत पोचलं नव्हतं. गोंडवानाचं उदाहरण तर मागणीवाल्यांनी देऊच नये. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या दुर्गम मुलखाला वेगळं विद्यापीठ हवंच होतं, त्याची गरज लातूरहून कितीतरी मोठी होती. तरी तिथं स्वतःच्या जागेचा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळला. जंगलाच्या जिल्ह्याला जागा मिळायला इतका वेळ लागला, तर लातूर शहराभोवतीच्या आजच्या भावानं किती लागेल?

आणि लातूर पॅटर्न. या मागणीच्या प्रत्येक भाषणात तो येतो. लातूर पॅटर्नचा मला अभिमान आहे. माझ्या घरातली दोन मुलं त्यातून गेली. पण तो अकरावी-बारावीचा आणि नीटच्या शिकवण्यांचा पॅटर्न आहे. त्यातून निघालेला मुलगा वैद्यकीयला जातो, तिथं त्याचं विद्यापीठ नाशिकला असतं. अभियांत्रिकीला गेला तर लोणेरे किंवा पुणे. कृषीला गेला तर परभणी, आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाकडे १९७२ पासून सगळा मराठवाडा आहे. त्याचं महाविद्यालय लातूरलाही आहे. लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलाची परीक्षा नाशिकचं विद्यापीठ घेतं, म्हणून लातूरचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. कारण त्या मुलाला नाशिकला जावं लागत नाही. त्याची बहुतेक कामं त्याच्या महाविद्यालयातच उरकतात. नांदेडच्या विद्यापीठाकडे वळणारा मुलगा वेगळा आहे. तो बी.ए., बी.कॉम., साधं बी.एस्सी. करणारा आहे. त्याच्या घरी सोयाबीन आणि तूर आहे, शिकवणीला लाख रुपये नाहीत. लातूर पॅटर्नची पताका त्याच्या नावावर फडकावू नका. त्याला पताका नको आहे. बसमधल्या त्या पोराला हवा होता तो गोल शिक्का हवा आहे.

आता अंतराचा एक हिशोब नांदेडच्या पोटातला मांडतो, तो लातूरकर कधी मांडत नाहीत. किनवट आणि माहूर नांदेड जिल्ह्यातच आहेत. तिथून विष्णुपुरी गाठायला सव्वाशे-दीडशे किलोमीटर पडतात, म्हणजे लातूरइतकेच. तिथल्या आदिवासी मुलीच्या नावानं कुणी स्वतंत्र विद्यापीठ मागत नाही, मागणारही नाही. विद्यापीठाचं आदिवासी विकास व संशोधन केंद्र किनवटला आहे, उत्तमराव राठोडांच्या नावाचं. पण संशोधन केंद्र असणं वेगळं आणि पदवीचा कागद तिथं मिळणं वेगळं. माझं म्हणणं इतकंच, की अंतरावर जो उपाय काढाल तो किनवटलाही लागू पडला पाहिजे. स्वतंत्र विद्यापीठ हा उपाय फक्त त्याच शहराला मिळतो ज्याच्याकडे राजकीय वजन आहे. लातूरकडे ते होतं. विलासराव देशमुख, शिवराज पाटील चाकूरकर ही माणसं लातूरनं दिली. किनवटला ते नाही. वजनावर न्याय मोजायचा असेल तर मग तसं उघड म्हणा, अंतराचं नाव घेऊ नका.

इतकं लातूरला बोललो, आता नांदेडकडे वळतो, आणि इथे माझा आवाज चढला तर चढू द्या. "उपकेंद्र दिलं आहे" हे वाक्य तुम्ही उत्तर म्हणून देता, ते उत्तर नाही. त्या उपकेंद्रात, म्हणजे लातूरच्या उपपरिसरात, सामाजिक शास्त्रांचं, व्यवस्थापनाचं, तंत्रज्ञानाचं संकुल आहे. तिथं वर्ग भरतात. पण लातूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांचा रोजचा जो व्यवहार आहे, पात्रता, स्थलांतर प्रमाणपत्र, नावातली दुरुस्ती, पीएच.डी.चे प्रगती अहवाल, संलग्नतेची पत्रं, त्याचं काय? इमारत बांधली म्हणजे विद्यापीठ पोचलं, हा समज सोडून द्या.

कायदा तुमच्या आड येत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ मध्ये उपपरिसराचा संचालक हा विद्यापीठाचा अधिकारी धरलेला आहे. उपपरिसरांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद त्यात आहे. ती कुणीतरी विचार करून केली. संचालकाला सही द्या. त्याच्या हाताखाली परीक्षा, पात्रता आणि पदव्युत्तर विभागाचा एकेक जाणकार कर्मचारी बसवा, बदलीवर का होईना. लातूरच्या टेबलावर तपासलेला कागद विष्णुपुरीत पुन्हा तपासायचा नाही, असं लेखी परिपत्रक काढा. यातली एकही गोष्ट करायला विधिमंडळाची मंजुरी लागत नाही, व्यवस्थापन परिषद ठरवू शकते. आणि हेच किनवटला, परभणीला, हिंगोलीलाही करता येतं.

"सगळं ऑनलाइन झालं आहे, आता अंतर कुठं राहिलं" असं सांगणारा एक वर्ग नांदेडमध्ये आहे. तो वर्ग देवणीच्या नेट कॅफेत कधी बसलेला नाही. अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क ऑनलाइन जातं, श्रेयांकांची बँक झाली, डिजिलॉकर आलं, हे सगळं खरं आहे आणि चांगलं आहे. पण शेवटची पायरी कागदाची असते. शिक्षक भरतीत, परराज्यातल्या प्रवेशात, बँकेच्या कर्जात कुणी तरी म्हणतंच, मूळ प्रत दाखवा. त्या शेवटच्या पायरीसाठी माणूस लागतो, आणि तो माणूस जवळ हवा. घाईत केलेल्या डिजिटल कारभाराचा झटका काय असतो तो मुंबई विद्यापीठानं २०१७ साली दाखवला. उत्तरपत्रिका संगणकावर तपासायच्या ठरल्या, तयारी कच्ची राहिली, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना जावं लागलं. कायदा सांगतो निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावा. देशातल्या जुन्या, पैसेवाल्या विद्यापीठाची ही गत झाली. लातूरला नवं विद्यापीठ काढून पहिल्याच वर्षी परीक्षा विभाग दुभंगायचा, गठ्ठे वाटून घ्यायचे, उत्तरपत्रिका तपासायची कॅप सेंटर नव्यानं उभी करायची, मधल्या वर्षातल्या मुलांची पदवी कोणाच्या नावाची यावर वाद घालायचा, हे ज्यांना सोपं वाटतं त्यांनी मुंबईचं ते वर्ष आठवावं.

आता खरं दुखणं. विद्यापीठाचा पंचवार्षिक बृहत आराखडा निघतो. २०१९ ते २०२४ चा निघाला, पुढे २०२४ ते २०२९ चा. आराखडा म्हणजे नियोजन, पाच वर्षांत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांतलं उच्च शिक्षण कुठं जायचं त्याचा विचार. पण आपल्याकडे आराखडा म्हटलं की लोक एकच गोष्ट विचारतात: आमच्या गावाचा स्थळबिंदू आला का? स्थळबिंदू म्हणजे नवं महाविद्यालय काढायची जागा. संस्थाचालक त्यासाठी फिरतात, पुढारी शिफारस करतात, वर्तमानपत्रं तेवढंच छापतात. तालुक्याच्या नकाशावर ठिपके पडले की नियोजन झालं. आहे त्या महाविद्यालयातलं ग्रंथालय उघडं असतं का, जळकोटच्या मुलीला एम.एस्सी. करायचं तर उदगीरपर्यंत सकाळची बस आहे का, मराठवाड्याच्या जमिनीचा, पाण्याचा, सोयाबीनचा अभ्यास या चार जिल्ह्यांत कुठं व्हावा, हे प्रश्न ठिपक्यांच्या खाली गाडले जातात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच्या तेवीस वर्षं आधी पहाटे किल्लारीची जमीन हलली होती. भूकंप आणि दुष्काळ हे दोन्ही ज्या जिल्ह्यानं सोसले, तिथल्या उपपरिसरात भूशास्त्राचं आणि पाण्याचं केंद्र व्हावं, यासाठी एक मोर्चा मी आजवर पाहिला नाही. विद्यापीठाच्या पाटीसाठी मात्र बंद पाळायला आम्ही तयार असतो.

लातूर आणि नांदेड यांनी असं एक भांडण करून पाहिलेलं आहे. विभागीय आयुक्तालय नांदेडला करायचा निर्णय २००९ मध्ये झाला. लातूर पेटून उठलं. प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे काय झालं हे सगळ्यांना माहीत आहे. आयुक्तालय नांदेडला आलं नाही, लातूरलाही आलं नाही. आठही जिल्ह्यांचा माणूस आजही छत्रपती संभाजीनगरलाच अपील घेऊन जातो. भांडणात दोघांनाही तिसऱ्याच्या दारात उभं राहावं लागलं. माझ्या चाकूरच्या एका भावकीतल्या शेतकऱ्याचं जमिनीचं अपील त्या काळात तिकडे चालू होतं. त्याला तेव्हाही तितकेच हेलपाटे घालावे लागले.

म्हणून लातूरच्या मित्रांनो, मागणी सोडा असं मी म्हणत नाही, ती बदला. विद्यापीठ मागू नका, अधिकार मागा, आणि ते मागताना तारीख मागा. अधिसभा वर्षातून दोनदा भरते. त्यातली एक लातूरला भरवा म्हणा. युवक महोत्सव निरनिराळ्या महाविद्यालयांत भरतो, मग अधिसभेला विष्णुपुरीचंच छत कशाला? ज्या दिवशी सदस्य पहाटेच्या गाडीनं लातूरला येतील त्या दिवशी त्यांना रस्ता कळेल. पुढच्या आराखड्याची सुनावणी उदगीरला, किनवटला आणि सेलूला घ्या म्हणा, आणि तिथे संस्थाचालकांच्या आधी विद्यार्थ्यांना बोलू द्या. पदवीधर मतदारसंघातून निवडून जाणारे लातूरचे अधिसभा सदस्य आणि विद्या परिषदेवरचे आपले प्राध्यापक यांना विचारा की उपपरिसराच्या संचालकाला कोणत्या सह्यांचा अधिकार आहे, त्याची यादी कुठे आहे. यादी नसेल तर ती करायला लावा आणि उपपरिसराच्या दारावर लावून घ्या.

आणि नांदेडच्या मित्रांनो, लातूर दूर जायला निघालं तर तुमचं काही अडत नाही, असा समज असेल तर तो काढून टाका. तुमच्या संकुलांतली निम्मी जाण आणि जिद्द तिकडून आलेली आहे. वाघमारे सरांपासून ती यायला लागली. विद्यापीठाच्या परिसराला तुम्ही ज्ञानतीर्थ म्हणता. आमच्याकडे तीर्थाला गेलेला माणूस परत येतो तेव्हा गावातल्या प्रत्येकाच्या तळहातावर थेंबभर पाणी घालतो. लातूरच्या उपपरिसरात एक टेबल, एक जाणकार माणूस आणि त्याच्या हातात शिक्का: एवढं या शैक्षणिक वर्षाच्या आत द्या. मी स्वतः पहिल्या दिवशी त्या टेबलापुढच्या रांगेत उभा राहीन, आणि निलंग्याहून आलेल्या पहिल्या मुलाला विचारीन, किती वाजता निघालास आणि किती वाजता घरी पोचशील.